छातीतली जळजळ: रुग्णाची काळजी कशी घ्यावी आणि त्याला समजवावं कसं

"पित्त झालं सिस्टर" हे ऐकल्याशिवाय आमच्या उपकेंद्राचा दिवस सहसा मावळत नाही. या एका शब्दात लोक काय काय बसवतात! कुणाच्या छातीत आग असते, कुणाला करपट ढेकरा येतात, कुणाचं डोकं ठणकतं, कुणाला नुसतं कसंतरी होतं. आणि क्वचित एखाद्याचं पित्त हृदयविकाराचा झटका निघतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांत मी बरीच वर्षं हे काम करते आहे. ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांच्यासाठी, आणि नव्याने रुजू झालेल्या आशाताई-सिस्टरांसाठीही, मी जे करते ते क्रमाने लिहिते.

पायरी १: बोट ठेवायला सांगा

"कुठे दुखतं?" विचारलं की माणूस सगळ्या पोटावरून हात फिरवतो. त्यापेक्षा एका बोटाने जागा दाखवायला सांगावं आणि जळजळ कुठून कुठे जाते ते त्याच बोटाने दाखवायला लावावं. बेंबीच्या वरून निघून छातीच्या मधोमध गळ्याकडे चढत असेल, आंबट-कडू पाणी तोंडात येत असेल, वाकल्यावर किंवा आडवं झाल्यावर वाढत असेल, तर जठरातलं आम्ल वर येतंय असं समजायला हरकत नाही. रात्रीचा कोरडा खोकला आणि सकाळी बसलेला आवाज याही कधीकधी त्याच्याच खुणा असतात.

हे का होतं ते सांगायला मी फवारणीचा पंप काढते. टाकीचं झाकण सैल असलं की वाकल्याबरोबर औषध पाठीवर गळतं की नाही? तसंच. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूचं एक कडं असतं. घास खाली गेला की ते आवळतं. ते सैल पडलं किंवा टाकी गच्च भरली की आम्ल वर येतं. जठराला आतून चिकट थराचं संरक्षण असतं, म्हणून त्याला आम्ल सोसतं. अन्ननलिकेला तसं संरक्षण नाही, ती भाजते. पंप पाठीवर घेतलेल्या माणसाला हे एकदा सांगितलं की पुरतं. टाकी काठोकाठ भरू नये आणि भरल्यावर वाकू नये, हे पुढे तोच मला सांगतो.

पायरी २: धोका आधी बाजूला काढा

ही पायरी गाळून थेट गोळीवर जाऊ नका.

छातीवर दगड ठेवल्यासारखा दाब, दरदरून घाम, दुखणं डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, दम लागणं, चालताना येऊन बसल्यावर थांबणं: यातलं काहीही असेल तर तो ग्यास नाही असंच धरून चालायचं. सोडा पाजून वाट पाहायची नाही, १०८ ला फोन करायचा आणि जिथे ईसीजी निघतो तिथे न्यायचं. मधुमेहाच्या रुग्णांत आणि बायकांत झटका नुसती मळमळ, थकवा, वरच्या पोटात जडपणा एवढ्यावरही येतो. एका गावचे काकाजी रात्रभर ओवा आणि सोडा घेत बसले होते. सकाळी घरच्यांनी आणलं तेव्हा अंगातला सदरा घामाने पिळून निघत होता. ते वाचले, पण रात्रीचे ते सहा तास हृदयाच्या स्नायूला महागात पडले.

दुसरा धोका आपल्या भागाचा आहे. कपाशीवर फवारणी करून आलेला माणूस ओकायला लागला, पोटात पिळ पडतो म्हणाला, तर त्याला पित्ताची गोळी देऊ नका. तोंडाला लाळ, अंगाला घाम, डोळ्यांसमोर धूसर आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतील तर ती विषबाधा समजा. २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती घरं उद्ध्वस्त झाली ते आपण पाहिलं आहे. कपडे काढा, अंग साबणाने धुवा, मुद्दाम उलटी करायला लावू नका, औषधाचा डबा सोबत घ्या आणि दवाखाना गाठा. अंग धुणाऱ्याने आपल्या हातात मोजे किंवा निदान प्लास्टिकच्या पिशव्या घालाव्यात.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर तालुक्याला किंवा जिल्ह्याला डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नये: घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, थांबत नसलेली उलटी, कॉफीच्या चोथ्यासारखी किंवा रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शौच, आणि पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ती डांबरासारखी चिकटत नाही. रक्ताची उलटी किंवा पोट एकदम लाकडासारखं कडक होणं याला दुसऱ्या दिवसाची वाट नाही. सिकलसेलच्या (रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराच्या) रुग्णाचं पोटदुखणं पित्तात मोडू नका. पाच महिन्यांच्या पुढच्या गरोदर बाईला बरगडीखाली दुखून डोकं दुखत असेल, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील, तर आधी बीपी मोजा.

पायरी ३: रुग्णाचा दिवस विचारा

छापील सल्ला असतो: वेळेवर जेवा, तिखट-तेलकट टाळा, ताण घेऊ नका. कापूस वेचायला जाणाऱ्या बाईला मी तो देते तेव्हा ती मान हलवते आणि माझ्या मागे हसते. तिचा दिवस असा असतो: पहाटे उठून कोरा चहा, सोबत खर्रा (सुपारी-तंबाखू-चुन्याचं घोटलेलं मिश्रण), घरचं सगळं आवरून शेत. दुपारी एक-दोनला शिदोरी. संध्याकाळी वजनकाटा, स्वयंपाक, सगळ्यांचं झाल्यावर नऊ-साडेनऊला स्वतःचं ताट. दिवसभराची भूक त्या एका ताटावर निघते आणि पाठ टेकते ती लगेच. रब्बीत पुरुषांचं याहून वाईट. शेतपंपाची लाईन (वीज) रात्रीची असली की जेवून झोपायचं, मध्यरात्री ओलितासाठी उठायचं, पुन्हा चहा.

म्हणून मी आधी उठल्यापासून झोपेपर्यंतचं सगळं वदवून घेते आणि त्या दिवसात फट कुठे आहे ते शोधते. त्या बाईच्या दिवसात दोन फटी होत्या. निघण्याआधी चहाबरोबर अर्धी भाकर खाणं, आणि रात्रीच्या ताटातली अर्धी भाकर संध्याकाळी शेतातून आल्याबरोबर, चूल पेटवण्याआधी खाणं. तिखट तिने सोडलं नाही, मी सांगितलंही नाही.

पायरी ४: ताट आणि तंबाखू

काय सोसत नाही ते प्रत्येकाचं वेगळं. एखाद्याला ठेचा पचतो आणि अंबाडीच्या भाजीने आग होते, एखाद्याला सकाळची तर्री भोवते, कुणाला संत्र्याच्या हंगामात रोज जळजळ. सगळंच बंद केलं की पथ्य आठवडाभरही टिकत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ज्या दिवशी त्रास झाला त्या तारखेला गोल करावा आणि आत काय खाल्लं त्याची खूण, लिहिता येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराकडून. दोन आठवड्यांत स्वतःचा शत्रू सापडतो. तेवढाच सोडावा.

उपवासाच्या दिवशी सकाळपासून रिकामं पोट आणि मग शेंगदाण्याचा कूट घातलेली तुपकट साबुदाण्याची उसळ, हा जठरावर अन्याय आहे. केळी, ताक, भगर थोडी थोडी घेतली तरी उपवास मोडत नाही. चतुर्थीच्या दिवशी हे सांगायचं धाडस मात्र मी करत नाही, आदल्या दिवशी सांगते.

दुधाने लगेच बरं वाटतं, नंतर आम्ल पुन्हा वाढतं. खायच्या सोड्याचं तेच. शिवाय त्यात सोडियम असतं, बीपीच्या आणि किडनीच्या रुग्णांनी तो घेऊच नये.

आता खर्रा. "खर्रा खाल्ला का ग्यास मोकळा होते" असं छातीठोकपणे सांगणारे मला रोज भेटतात. तंबाखूने झाकणाचं कडं सैल पडतं, म्हणूनच ढेकर निघतो. जो ढेकर सुटला म्हणून बरं वाटतं, त्याच वाटेने आम्लही येतं. मोहाची असो की विलायती, दारूचंही तेच. एका दिवसात सोडा म्हटलं तर माणूस पुन्हा तोंड दाखवत नाही, म्हणून मी उपाशीपोटीचा आणि झोपण्याआधीचा असे दोन खर्रे आधी मागते. पुढचे सोडायला मदत हवी असेल तर तंबाखूमुक्तीसाठी केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११२-३५६.

पायरी ५: झोपण्याची जागा

जेवण आणि झोप यांच्यात दोन-तीन तास जावेत. ते जमत नसेल तर निदान बसून राहावं, भांडी घासायला ओणवं होऊ नये. ती कामं जेवणाआधी किंवा घरातल्या दुसऱ्या कुणी करावीत. (इथे सासूबाईंकडे पाहून बोलते.)

पलंगाच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा, म्हणजे साधारण सहा इंच उंची द्यावी. विटा हलत नाहीत ना ते पाहावं. नुसत्या दोन उशा घेतल्या तर मान उचलली जाते आणि पोट दुमडतं, त्याने उलट दाब वाढतो. बाजेची दोरी ढिली झाली असेल तर माणूस मधोमध खोळीत बसतो, ती आधी ताणून घ्यावी. जमिनीवर झोपणाऱ्याने गोधड्यांच्या घड्या कमरेपासून डोक्याकडे चढत्या रचाव्यात. डाव्या कुशीवर झोपलं की जठराचा फुगीर भाग खाली राहतो आणि आम्ल जठराच्या तोंडापासून दूर थांबतं. लुगड्याची गाठ, नाड्याची गाठ, पट्टा रात्री सैल.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला भरवताना पाठ टेकवून बसवावं आणि नंतर अर्धा ते एक तास तसंच ठेवावं. नाकातून नळी असेल तर भरवताना आणि नंतरही डोकं ३० ते ४५ अंश वर हवं, आणि नळी जागेवर असल्याची खात्री झाल्याशिवाय तिच्यात थेंबही घालू नये.

पायरी ६: गोळी कधी, किती दिवस

ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या गोळ्या लोक जळजळ सुरू झाल्यावर घेतात आणि "गुण नाई" म्हणतात. जठराच्या भिंतीत आम्ल सोडणारे बारीक पंप असतात आणि जेवण आलं की ते चालू होतात. मोटर सुरू व्हायच्या वेळी माणूस स्टार्टरजवळ हजर पाहिजे. म्हणून ही गोळी सकाळी उपाशीपोटी, खाण्याच्या अर्धा ते एक तास आधी. घड्याळ नसेल तर तोंड धुतल्याबरोबर. चावायची, कुटायची नाही. पूर्ण गुण यायला काही दिवस लागतात. डॉक्टरांनी सांगितलेले आठवडे झाले की त्यांना विचारूनच थांबवायची. एकदम सोडल्यावर काही दिवस आग वाढते, तिला घाबरून लोक वर्षानुवर्षं गोळी चालू ठेवतात.

पातळ अँटासिड बाटली हलवून, जेवणानंतर तासाभराने. लोहाची गोळी आणि ते यांच्यात दोन तास ठेवावेत.

खरा चोर मात्र दुसऱ्याच पुडीत असतो. कंबर दुखते म्हणून मेडिकलवरून आणलेल्या सुट्ट्या गोळ्या: डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, कधी सोबत स्टेरॉइड. हंगामात मजूर त्या रोज घेतात आणि जठराला जखमा होतात. प्रत्येक रुग्णाला पुडी घेऊन यायला सांगा. विचारलं तर "काही घेत नाई" म्हणतात, पुडी खरं बोलते.

अशा जखमांचं, म्हणजे अल्सरचं, दुसरं मोठं कारण जिवाणू आहे. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी ते दाखवून दिलं आणि २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मार्शल यांनी १९८४ मध्ये त्या जिवाणूचा द्रव स्वतः पिऊन पाहिला होता. ही गोष्ट लोकांना भारी आवडते आणि तिचा उपयोग असा, की या जंतूसाठी डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं तर चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून कोर्स सोडायचा नाही, हे पटतं.

पायरी ७: परत बोलून घ्या

"समजलं का?" याला उत्तर "हाव सिस्टर" असंच येतं. मी विचारते, "घरी गेल्यावर मालकाला काय सांगशील, मला सांगून दाखव." एक मावशी म्हणाल्या, "उशाखाली विटा ठिवा म्हंतलं सिस्टरनं." हे मी विचारलं नसतं तर त्या रात्री त्यांच्या डोक्याखाली विटा असत्या. चूक बोलणाऱ्याची नव्हती, माझ्या सांगण्याची होती. तेव्हापासून मी बाकाच्या पायाखाली वीट ठेवूनच दाखवते. आणि एका भेटीत तीनपेक्षा जास्त गोष्टी सांगत नाही.

दोन आठवड्यांनी कॅलेंडर घेऊन बोलवावं, गोल मोजावेत. कमी झाले असतील तर तेच चालू. गोळी नीट घेऊनही आठ आठवड्यांत फरक नसेल तर घशातून दुर्बीण घालून करायच्या तपासणीसाठी (एंडोस्कोपी) पाठवावं. त्यासाठी सहा-आठ तास उपाशी जायचं, नेहमीच्या गोळ्यांचं आधी विचारायचं, सोबत घरचं माणूस न्यायचं आणि घसा बधिर आहे तोवर पाणीही प्यायचं नाही. उपाशी म्हणजे खर्राही नाही, हे वेगळं सांगावं लागतं.