कुंपणाला खांब किती?

एनएसएसचे, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचे, वर्षाला १२० तास भरायचे असतात. झाडं लावून आणि टेकडीवरचा कचरा उचलून आमचे निम्मे भरले होते. उरलेल्या तासांसाठी आम्ही एस.वाय.च्या गणितवाल्या सहा जणांनी महापालिकेच्या एका शाळेत पाचवी ते सातवीच्या मुलांची गणित स्पर्धा घेतली. यंदा तुम्ही घेणार असाल, तर आमचं काय काय फसलं ते आधी वाचा.

तारीख स्वतः ठरवू नका. रामानुजन यांचा जन्मदिवस, म्हणजे राष्ट्रीय गणित दिन, २२ डिसेंबरला असतो म्हणून आम्ही तोच धरून बसलो होतो. मुख्याध्यापिका बाईंनी शांतपणे विचारलं, "गॅदरिंगची प्रॅक्टिस कोण घेणार मग?" जानेवारीतला शनिवार मिळाला. कॉलेजच्या पत्राची पोच मात्र तेव्हाच घ्या.

पेपर आम्ही कॅन्टीनमध्ये बसून काढला. खरं सांगायचं तर तो मुलांसाठी नव्हताच, एकमेकांवर छाप पाडायला होता. एकीच्या सहावीतल्या भावाला सोडवायला दिला, तर तो दुसऱ्याच प्रश्नावर वीस मिनिटं अडकला. म्हणाला, "गणित येतंय, पण विचारलंय काय ते कळत नाही." वीस प्रश्नांचे बारा केले आणि वाक्यं तोडून लहान केली. अप्पा बळवंत चौकात झेरॉक्स काढायला जाण्याआधी एवढी एक चाचणी घ्याच.

तरीही एक प्रश्न निसटला. 'एका शेताच्या कुंपणाची लांबी १०० मीटर आहे. दर १० मीटरवर एक खांब आहे. खांब किती?' आमचं उत्तर ११. मुलं सरळ भागाकार करून १० लिहिणार आणि फसणार, या कल्पनेनेच आम्ही खूश होतो. सगळे पेपर त्याच दुपारी तपासले, प्रमाणपत्रांवर नावंही लिहून टाकली. मग फळ्यावर उत्तरं सांगताना मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "ताई, कुंपण फिरून परत येतं ना?" त्याच्या पेपरच्या कोपऱ्यात एक वाकडातिकडा गोल होता आणि त्यावर मोजून दहा ठिपके. शेजारी माझ्याच हातची लाल फुली. शेताचं कुंपण बंदच असणार. ११ खांब सरळ रांगेला लागतात. आम्ही सहाही जण 'रांग' डोक्यात ठेवून 'कुंपण' लिहून बसलो होतो.

सगळे पेपर पुन्हा काढले. म्हणून सांगते, उत्तरसूची पेपर न काढलेल्या माणसाकडून करून घ्या, आणि कच्चं काम पाहिल्याशिवाय फुली मारू नका.

तपासणी चालू असताना मुलांना काय द्यायचं, हाही प्रश्न असतो. आम्ही गणितज्ञ कापरेकरांचा ६१७४ दिला. कापरेकर फर्ग्युसनचे विद्यार्थी, पुढे देवळालीत शाळामास्तर. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तसंच. ३५२४ घेतली तर ३०८७, ८३५२ आणि मग ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत सगळे तिथेच पोचतात. मुलं शून्य गाळतात, तेव्हा ३०८७ नंतर ०३७८ असंच मांडायचं हे आधी दाखवा. हातचा चुकला का, हे मुलांना स्वतःच पाहता येतं, कारण बरोबर वजाबाकीच्या अंकांची बेरीज ९ च्या पटीत येते. आमचा वर्ग यातच पाऊण तास रमला.

संख्या नुसत्या तोंडी सांगू नका. एकोणसाठ म्हटलं की निम्मी सेमीची, म्हणजे गणित इंग्रजीतून शिकणारी, मुलं ६९ लिहितात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसऐवजी 'वीस एक' आलं तेव्हा घरी सगळे हसले होते, मीही. त्या दिवशी नाही हसू आलं.

आणि प्रमाणपत्रांवर नावं अगदी शेवटी लिहा. फेरतपासणीत तीन क्रमांक बदलले. ती जुनी तीन प्रमाणपत्रं अजून माझ्या कपाटात आहेत.