उभ्या गाडीतून पडलेला ड्रायव्हर

बिजासन घाट रात्री ट्रक घेऊन चढून आलो, काही झालं नाही. पहाटे इंदूरला देवास नाक्यावर गाडी लावली, हँडब्रेक ओढला, आणि उतरताना पाय मोडून घेतला. एका हातात बिल्ट्यांची, म्हणजे मालाच्या कागदांची फाइल, दुसऱ्यात थर्मास, पायात चपला. रोजच्यासारखी उडी मारली. खाली अंधारात खडी पसरलेली होती. चपलेचा अंगठा तुटला, घोटा आत वळला आणि सहा आठवडे घरी बसलो. भत्ता नाही, फेरी नाही. घाट चढून आलेला माणूस उभ्या गाडीतून पडला, यावर गोदामातली मुलं अजून हसतात.

नवीन पोरांनो, मोठ्या गाडीच्या केबिनचा तळ जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास असतो. तेवढ्यावरून उडी मारली की पाय जमिनीला लागतात तेव्हा वेग ताशी 18 किलोमीटरच्या जवळ असतो. तो सगळा घोटा, गुडघा आणि कंबर झेलतात. त्यात रात्रभर बसून पाय सुन्न झालेले. म्हणून मी आता इंजिन बंद केल्यावर आधी बसल्या जागी घोटे गोल फिरवतो, मग दार उघडतो.

दार उघडण्याआधी आरसा बघायचा. आपलं स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे रस्त्याच्या डाव्या कडेला उभं राहिलं की आपण उतरतो ते थेट धावत्या ट्रॅफिकमध्ये. बायपासवर तर मी क्लीनरच्या बाजूनेच उतरतो, थोडं सरकावं लागतं एवढंच.

उतरायचं ते शिडीवरून उतरतो तसं, तोंड केबिनकडे करून. दोन हात, दोन पाय, यातले तीन कायम टेकलेले; हलवायचा तो एकच. हात मोकळे हवेत, सामान सीटवर ठेवा आणि खाली पोचल्यावर वर हात घालून काढा. दाराला धरू नका, ते फिरतं. स्टिअरिंगही फिरतं. धरायचं ते हँडल. पावसाळ्यात पायदानावर चिखल आणि डिझेल मिळून असा लेप बसतो की बूटसुद्धा सरकतात. मी सीटखाली बारदानाचा एक तुकडा ठेवतो, पुसून मगच पाय देतो.

ताडपत्री बांधून वरून उतरणं हे याहून वाईट. दोरीला लोंबकळून खाली येणारे बहाद्दर पुष्कळ आहेत, पण गाठ सुटली की दोरीही खाली आणि आपणही. शिडी मागा, थोडा वेळ गेला तर जाऊ द्या.

आता माझ्याकडे नवा पोरगा आला की पहिल्या दिवशी गाडी सुरूच करू देत नाही. दहा वेळा चढ, दहा वेळा उतर. परवा एक जण वैतागून म्हणाला, "काका, मी गाडी शिकायला आलोय." सातव्या खेपेला त्याचा पाय पायदानावरून निसटला. हातात हँडल होतं, म्हणून नुसता लटकला.