‘हा हा देवि’ बसवायला घेणाऱ्यांसाठी

भवभूतीच्या ‘उत्तररामचरित’ या संस्कृत नाटकाच्या तिसऱ्या अंकातला रामाचा विलाप दरवर्षी कुणी ना कुणी स्पर्धेसाठी नाहीतर नाट्यशाळेच्या प्रवेशपरीक्षेसाठी निवडतंच. मीही निवडला होता. श्लोक तोंडपाठ होता, उच्चार स्वच्छ होते, डोळ्यांत पाणी वेळेवर येत होतं. म्हणून झाल्यावर परीक्षकांनी एवढंच विचारलं, ‘दुसऱ्या ओळीत राम काय म्हणतोय, मराठीत सांगा.’ मी म्हणालो, ‘जग अविरल आहे असं वाटतं...’ आणि तिथेच थांबलो. ती शांतता मला अजून आठवते.

हा श्लोक:

हा हा देवि स्फुटति हृदयं ध्वंसते देहबन्धः
शून्यं मन्ये जगदविरलज्वालमन्तर्ज्वलामि ।
सीदन्नन्धे तमसि विधुरो मज्जतीवान्तरात्मा
विष्वङ्मोहः स्थगयति कथं मन्दभाग्यः करोमि ॥

वृत्त मंदाक्रांता, ओळीत 17 अक्षरं, यती, म्हणजे ओळीतला ठरलेला थांबा, चार, मग सहा, मग सात अक्षरांनंतर. हे तुम्हाला माहीत असणारच. याच वृत्तातल्या ‘मेघदूता’ची चालही कानात असेल, आणि घात तिथेच होतो. मी श्लोक शिकलो तो एका जाणत्या माणसाच्या आवाजात, मोबाइलवर रेकॉर्ड करून. ते चालीत म्हणायचे, मी जसाच्या तसा उचलायचो. चालीत यतीवर थांबायचं असतं, म्हणून दुसरी ओळ माझ्या तोंडात ‘शून्यं मन्ये, जगदविरल, ज्वालमन्तर्ज्वलामि’ अशी बसली. आता अर्थ बघा. ‘शून्यं मन्ये जगत्’ म्हणजे जग ओस वाटतंय. तिथे एक वाक्य संपलं. ‘अविरलज्वालम् अन्तः ज्वलामि’ म्हणजे आत एकसारखा धगधगून जळतोय. यतीवर थांबलात की ‘अविरल’ ज्वाळेपासून तुटतं आणि जगाला जाऊन चिकटतं. मी महिनाभर रोज तेच म्हणत होतो आणि त्यावर रडतही होतो. नेमकं कशावर रडत होतो, ते मला आज सांगता येणार नाही.

चौथ्या ओळीत पुन्हा तेच. यती ‘कथं’नंतर येते, पण वाक्य ‘स्थगयति’ला संपलेलं असतं. चहूकडून मूर्च्छा झाकून टाकतेय, इथे पूर्णविराम. मग ‘कथं मन्दभाग्यः करोमि’, मी अभागी आता करू तरी काय? ‘स्थगयति कथं’ एकत्र म्हटलंत तर मूर्च्छा कशी काय झाकतेय, असा भलताच प्रश्न उभा राहतो. पहिली ओळ सरळ आहे, तिथे यती आणि अर्थ हातात हात घालून चालतात. तिसरीत यती ‘अन्धे’ आणि ‘तमसि’च्या मधे पडते, तरी अर्थ भलतीकडे जात नाही. म्हणूनच माणूस बेसावध होतो.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात पाठ्याचा विचार करताना सांगूनच ठेवलंय की विराम अर्थ संपेल तिथे घ्यावा, छंदाला हवा म्हणून नव्हे. तो एक-दोन अक्षरांवरही येऊ शकतो. हे मला कुणीतरी आधी दाखवायला हवं होतं.

मग दुसऱ्या ओळीत थांबायचं कसं? ‘जगदविरल’मध्ये संधी आहे, ‘द’ अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा. संधी तोडू नका, वृत्त मोडेल. आवाज न थांबवता नजर बदला. ‘जग’पर्यंत नजर बाहेर, समोरच्या पंचवटीवर, झाडांवर. ‘दविरल’पासून नजर आत ओढून घ्या, आवाज छातीत उतरू द्या. थांबा कानाला ऐकू येत नाही, तरी प्रेक्षकाला कळतो. हे जमायला मला तीन आठवडे लागले. तुम्हाला दोन लागतील, चार लागतील, पण जमतं. श्लोक अवघड असला तरी शत्रू नाही. ‘हा हा देवि’ची चार जड अक्षरं आणि लगेच ‘स्फुटति हृद’ची पाच हलकी: आधी पाय रुतल्यासारखा, मग एकदम तोल गेल्यासारखा. हे भवभूतीनेच करून ठेवलंय, तुम्ही वरून काही घालू नका. फक्त ‘देवि’चा ‘वि’ पुढच्या ‘स्फु’मुळे गुरू, म्हणजे जड, झालाय, तो तोकडा टाकू नका.

‘हा हा’ सलग एका सुरात म्हणू नका, मराठी कानाला ते हसू वाटतं. पहिला ‘हा’ सुटलेला श्वास, दुसरा हाक. आणि ‘विधुर’ म्हणजे इथे बायको वारलेला नव्हे. तो शब्द अंतरात्म्याचा आहे, अर्थ व्याकूळ. राम सीता गेली असंच धरून चाललाय, त्यामुळे मराठीतला अर्थ फार सहज चिकटतो. चिकटू देऊ नका.

आता रडण्याबद्दल. स्वतःच्या घरातलं दुःख आठवा, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. माझं मत विचाराल तर या श्लोकाला ते चालत नाही. तुमचं दुःख तुमच्या वेगाने येतं, श्लोक त्याच्या वेगाने जातो. त्यापेक्षा अंक सुरुवातीपासून वाचा, फक्त श्लोक काढून घेऊ नका. विष्कंभकात, म्हणजे अंकाच्या सुरुवातीच्या छोट्या प्रवेशात, मुरला नदी तमसा नदीला सांगते की रामाचा करुण रस पुटपाकासारखा आहे, तोंड लिंपलेल्या पात्रात औषध शिजावं तसा, वरून काही दिसत नाही आणि आत धग. पुढे राम स्वतः म्हणतो, देवीवाचून जग शून्य झाल्याला हे बारावं वर्ष. बारा वर्षं त्याने अयोध्येत राज्य चालवलंय, चारचौघांत रडलेला नाही. ‘शून्यं मन्ये’ त्याला आज सुचलेलं नाही. म्हणून पहिल्या अक्षरापासून हुंदके देणारा राम मला खोटा वाटतो. लिंपण आधी घट्ट दिसू द्या. तडा ‘मज्जतीव’ला गेला तरी पुरे.

शॉर्टकट एकच सांगतो, तोही मेहनतीचा. वहीत स्वतःच्या हाताने अन्वय, म्हणजे शब्द सरळ वाक्याच्या क्रमाने लावून, लिहा. मग संस्कृत न येणाऱ्या माणसाला, आईला, धाकट्या भावाला, तो मराठीत सांगा. त्यांनी ‘मग?’ विचारलं तर तुम्हाला कळलाय. अन्वयासाठी संस्कृतच्या जाणकाराकडे जरूर जा, पण म्हणून दाखवा असं त्यांना म्हणू नका. चांगला गुरू तुम्हाला ‘कुठे थांबलास आणि का’ विचारतो. जो नुसता ‘असं म्हण’ सांगतो तो कितीही विद्वान असो, त्याचा आवाज तुमच्या गळ्यात राहील आणि तुमचा राम कधी येणारच नाही. यूट्यूबवरची पठणंही अन्वय पक्का होईपर्यंत ऐकू नका. मी अजूनही चालीशिवाय म्हणायला बसलो की दुसऱ्या ओळीत जीभ जुन्या जागी थांबू बघते. लागलेली सवय इतकी चिवट असते.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. ‘करोमि’नंतर राम मूर्च्छित होतो. त्या शेवटच्या अक्षरांसाठी श्वास ‘स्थगयति’च्या थांब्यात घ्यायचा, नंतर जागा नाही. पडल्यावर लगेच सुटू नका. वनदेवता वासंती हाका मारते, तमसा सीतेला सांगते की तुझा स्पर्शच आता याला वाचवील, मग तिथेच असलेली, पण रामाला न दिसणारी सीता धावत येऊन त्याच्या छातीला आणि कपाळाला हात लावते. तोपर्यंत तुम्ही धापा टाकत असाल तर पोट हललेलं पहिल्या रांगेला दिसतं. कुशीवर, प्रेक्षकांकडे पाठ करून पडा, नाकाने हळू श्वास सोडा आणि तिचा हात येईपर्यंत वाट बघा.