कोबॉलमध्ये मागची तारीख काढताय? या चुका टाळा

२०२४ची गोष्ट. १ मार्चला सकाळी कॉलेज रोडला मिसळ खायला बसलो होतो, तिकडे अमेरिकेत नुकतेच रात्रीचे बारा वाजून गेलेले त्यामुळे क्लायंटची बॅच (कोबॉल या प्रोग्रामिंग भाषेतले, ठरल्या वेळी आपोआप चालणारे प्रोग्राम) सुरू, आणि पहिला घास घेतोय तोच फोन, जॉब (बॅचमधलं एक काम) पडला म्हणून. घरी येऊन लॅपटॉप उघडला तर डीबी२ या डेटाबेसला पाठवलेली तारीख २०२४०३००. मार्चची शून्य तारीख! कुणीतरी आठ आकडी फील्डमधून सरळ १ वजा केलेला. प्रोग्राम लाइव्ह गेला फेब्रुवारीच्या मधल्या आठवड्यात, टेस्टिंगही मधल्याच तारखांवर, त्यामुळे बिचाऱ्याने महिन्याची एक तारीख कधी बघितलीच नव्हती.

ज्युलियन (वर्ष आणि वर्षातला कितवा दिवस) वापरणारे म्हणतात आमचं बरंय. काही बरं नाही, २०२४००३ मधून ५ वजा करा, २०२३९९८ येतं, आता वर्षाचा ९९८वा दिवस शोधत बसा.

सरळ रस्ता एकच. इंटीजर-ऑफ-डेट या कोबॉलच्या फंक्शनने तारखेचा दिवस-नंबर काढायचा (१ जानेवारी १६०१ म्हणजे १), त्यातून हवे तेवढे दिवस वजा करायचे, मग डेट-ऑफ-इंटीजरने परत तारीख. लीप वर्ष वगैरे तेच बघतं, हाताने चारने भागायचे आयएफ लिहू नका, १९०० लीप नव्हतं आणि २००० होतं.

पण यातही एक खड्डा आहे, मी स्वतः पडलोय. सीईईडेज नावाचं लँग्वेज एन्व्हायर्नमेंटचं (मेनफ्रेमवर प्रोग्राम चालवणाऱ्या आयबीएमच्या सॉफ्टवेअरचं) रुटीन दिवस मोजतं १५ ऑक्टोबर १५८२पासून. नंबर तिथून घेतला आणि परत फिरवला डेट-ऑफ-इंटीजरने, तर ६६५३ दिवसांचा फरक. म्हणजे तारीख अठरा वर्षं अडीच महिने पुढे गेलेली दिसली की डोकं खाजवू नका, दोन वेगळे नंबर मिसळलेत. इंटडेट हा कंपाइलर ऑप्शन एएनएसआय (१६०१पासूनची मोजणी) आहे की लिलियन (१५८२पासूनची), तेही बघा.

इनपुट आधी तपासा. पॅक्ड (आकडे दाबून साठवणाऱ्या) फील्डमध्ये स्पेसेस असल्या तर एस-झिरो-सी-सेव्हन (आकड्याच्या जागी भलतंच असल्याचा एरर) येऊन निदान बोंब तरी होते, पण ३० फेब्रुवारी आली तर फंक्शन आपल्याला वाचवेल या भरवशावर राहू नका.

"तीन महिने मागे" म्हणजे ९० दिवस का, हे बिझनेसवाल्यांना विचारून लेखी घ्या. डीबी२मध्ये ३१ मार्च २०२४मधून एक महिना वजा केला की २९ फेब्रुवारी येते, परत एक महिना मिळवला की २९ मार्च, ३१ नाही. व्याजाच्या हिशोबात हे दोन दिवस बरोबर सापडतात, आणि तेही ऑडिटच्या वेळी.

आणि करंट-डेट (आजची तारीख देणारं फंक्शन) प्रोग्रामात जागोजागी वापरू नका हो. काल पडलेला जॉब आज रीरन केला की "कालची" तारीख आजच्या हिशोबाने निघते आणि एक दिवसाचा डेटा गायब. रन-डेट जेसीएलच्या (जॉब चालवायच्या स्क्रिप्टच्या) पार्ममधून किंवा कंट्रोल फाइलमधून एकदाच घ्या. आमच्या त्या जॉबचा रीरन दुपारीच झाला, म्हणून यातून सुटलो.