इन्सुलिन आणि नायट्रिक ऑक्साइड: प्रयोग करताना या चुका टाळा

एमएस्सीच्या प्रोजेक्टला येणारी मुलं दरवर्षी हेच करतात. औषधाच्या दुकानातून इन्सुलिनची बाटली आणायची, पेरॉक्सिनायट्राइट (नायट्रिक ऑक्साइडपासून होणारं तिखट संयुग) घालायचं आणि कॉस्टिक (अल्कली) टाकून पिवळा रंग आला, की टायरोसिनचं नायट्रेशन झालं, म्हणजे इन्सुलिनमधल्या या अमिनो आम्लाला नायट्रो गट लागला, म्हणून मोकळं व्हायचं.

अरे, त्या बाटलीत मेटाक्रेसॉल हे टिकवण्यासाठीचं रसायन असतं! 100 युनिटच्या इन्सुलिनमध्ये मिलिलिटरमागे इन्सुलिन साधारण साडेतीन मिलिग्रॅम, तर क्रेसॉल अडीच-तीन मिलिग्रॅम. रेणू मोजले तर इन्सुलिनच्या एका रेणूमागे क्रेसॉलचे चाळीसेक. तेही टायरोसिनसारखंच फिनॉल, तेव्हा नायट्रो गट तेच आधी पळवतं आणि अल्कलीत तेही पिवळं होतं.

एका मुलाचा अख्खा प्रबंध याच रंगावर उभा होता. आलेख देखणे, पिवळ्या रंगाचं 428 नॅनोमीटरला रीडिंग भरघोस. मी ते सॅम्पल अल्कलाइन बफरमध्ये जी-25च्या कॉलममधून (यात मोठे रेणू आधी उतरतात, लहान मागून) सोडायला लावलं. इन्सुलिन आधी उतरलं, जवळजवळ रंगहीन. पिवळा पट्टा मागून सावकाश आला. सबमिशन तोंडावर होतं, पोराचा चेहरा बघवेना. शुद्ध इन्सुलिन पावडरचे पैसे वाचवायला गेलं की असं होतं. मी शुद्ध पावडरीशिवाय हात लावू देत नाही.

दुसरा हट्ट एस-नायट्रोसिलेशनचा, म्हणजे सिस्टीन या अमिनो आम्लाच्या मोकळ्या गंधक गटाला (थायॉलला) नायट्रोसो गट लावण्याचा. इन्सुलिनमधली सहाही सिस्टीन तीन डायसल्फाइड बंधांत अडकलेली आहेत, मोकळा थायॉल एकही नाही. मग काही जण हे बंध तोडणारं डीटीटी घालतात. त्याने ए आणि बी साखळ्या सुटतात, बी साखळी गोळा होऊन द्रावण गढुळतं आणि हातात इन्सुलिन उरतच नाही. मास स्पेक्ट्रम बघा: इन्सुलिनच्या 5808 वजनाच्या पुढे 45 वाढले तर नायट्रो, 29 वाढले तर नायट्रोसो. एवढं न बघता निष्कर्ष लिहिणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

नुसता नायट्रिक ऑक्साइड टायरोसिनला नायट्रो गट लावत नाही. या प्रयोगात त्याला सुपरऑक्साइड (ऑक्सिजनचं एक क्रियाशील रूप) भेटून पेरॉक्सिनायट्राइट व्हावं लागतं. आम्लात नायट्राइट टाकणं हा त्याला पर्याय नाही, त्याने अमिनो टोकं उडतात.

साठवलेलं पेरॉक्सिनायट्राइट किती उरलंय हे कळायला त्याचं 302 नॅनोमीटरला रीडिंग रोज घ्या, बाटलीवरच्या जुन्या आकड्यावर जाऊ नका.

नेहमीची 12 हजार डाल्टनची (त्याहून लहान रेणू बाहेर सोडणारी) डायलिसिस पिशवी वापरू नका, इन्सुलिन तिच्यातून निघून जातं.

आणि उलटा कंट्रोल (तुलनेची नळी) ठेवाच: पेरॉक्सिनायट्राइट आधी बफरमध्ये, ते विरून जायला पाच मिनिटं थांबायचं, मग इन्सुलिन. त्या नळीतही बदल दिसला, तर तो अल्कलीचा किंवा उरलेल्या नायट्राइटचा.