खान्देशचा काळा कातळ वाचताना या चुका टाळा

धुळे, साक्री, निजामपूर, नंदुरबार या पट्ट्यात फिरताना सरळ रेषेत चाललेल्या अरुंद काळ्या टेकड्या दिसतात. त्या शेतामधून उठतात, ओढा ओलांडतात आणि कुठेतरी पुढे मातीत गडप होतात. भूगर्भशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात, म्हणजे जमिनीतल्या उभ्या भेगेत शिरून तिथेच गोठलेला लाव्हा. या भागात असे दोनशेहून अधिक डाइक नोंदले गेले आहेत आणि त्यातला सगळ्यात लांब ८० किलोमीटरच्या आसपास जातो. सहलीत, प्रकल्पाच्या वहीत किंवा मोबाइलवरच्या व्हिडिओत त्यांची गोष्ट साधारण अशी सांगितली जाते: "भारत आफ्रिकेपासून तुटला, जमीन फाटली, खालचा लाव्हा वर आला आणि खान्देश तयार झाला." ऐकायला झकास आहे, पण यातला जवळजवळ प्रत्येक तुकडा दुरुस्त करावा लागतो.

आधी आकडा तपासा

ज्या लाव्ह्यातून इथला काळा कातळ झाला, त्या दख्खनच्या मुख्य उद्रेकाचं वय ६६ मिलियन वर्षं, म्हणजे ६.६ कोटी. "६६ कोटी" असं लिहिलेलं इतक्या ठिकाणी सापडतं की आता मुलं तेच पाठ करतात. १ मिलियन म्हणजे १० लाख, एवढं लक्षात ठेवलं की काम झालं. दहापटीची ही चूक किरकोळ नाही. ६६ कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉर सोडाच, जमिनीवर गवताची काडीही नव्हती.

आफ्रिकेला यात ओढू नका

भारत, आफ्रिका, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया हे सगळे ज्यात एकत्र होते, तो गोंडवन हा महाखंड एका दणक्यात फुटलेला नाही. सुमारे १८.३ कोटी वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेतल्या कारू आणि अंटार्क्टिकातल्या फेरार भागात बेसाल्टचे, म्हणजे गोठून काळा खडक होणाऱ्या लाव्ह्याचे, अवाढव्य उद्रेक झाले आणि त्यानंतर आफ्रिकेची बाजू सुटू लागली. भारत, मादागास्कर, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया तेव्हा एकत्रच होते. सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलियाकडची बाजू उसवली. सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर वेगळं झालं. कर्नाटकात उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटांवरचे खांबांसारखे खडक त्याच काळातले आहेत.

खान्देशात लाव्हा पसरला तोवर आफ्रिका कधीच दूर गेली होती. आपल्या पश्चिमेला चिकटून उरला होता तो सेशेल्सचा, म्हणजे आज हिंदी महासागरात असलेल्या बेटांचा, तुकडा. तोही सुटला, पण दख्खनचा मुख्य भर ओसरल्यावर, सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वी. सेशेल्सच्या मुख्य बेटांवर आजही सुमारे ७५ कोटी वर्षांचा ग्रॅनाइट आहे. भर महासागरात ग्रॅनाइटची बेटं दिसली की ओळखावं, हा कुठल्यातरी खंडाचा मागे राहिलेला तुकडा आहे.

म्हणजे क्रम असा: आधी प्रचंड लाव्हा, मग फूट. "फूट पडली म्हणून लाव्हा आला" हे वाक्य दख्खनपुरतं तरी उलटं बसतं. तरीही लाव्ह्यानेच खंड फोडला असं ठोकून देऊ नका. सायबेरियात २५.२ कोटी वर्षांपूर्वी दख्खनपेक्षाही मोठा उद्रेक झाला, पण तिथे महासागर उघडला नाही. उलट स्पेन-पोर्तुगालचा किनारा आणि कॅनडाचं न्यूफाउंडलंड एकमेकांपासून सुटले ते फारसा लाव्हा न ओतताच. या दोन घटना पुष्कळदा जोडीने येतात, पण त्यांचं लग्न लागलेलं नाही.

पोटात लाव्ह्याचा समुद्र नाही

ही चूक सगळ्यात चिवट आहे, कारण ती चित्रांतून पसरते. वर खडकाचं पातळ कवच आणि खाली उकळता लाल रस, असं चित्र आपण लहानपणापासून पाहतो. प्रत्यक्षात कवचाखालचं प्रावरण घन आहे. भूकंपाच्या ज्या लहरी द्रवातून जाऊच शकत नाहीत, त्या प्रावरणातून व्यवस्थित पार होतात. ते अतिशय तापलेलं असतं, पण वरच्या खडकांच्या दाबामुळे वितळत नाही.

मग लाव्हा येतो कुठून? खंड ताणला गेला की तो पातळ होतो आणि खालचं प्रावरण वर सरकतं. वर येताना दाब कमी होतो, उष्णता मात्र फारशी घटत नाही, आणि त्या खडकाचा थोडासा भाग वितळतो. खालून नेहमीपेक्षा जास्त तापलेला प्रवाह येत असेल तर वितळण्याचं प्रमाण खूप वाढतं. दख्खनच्या बाबतीत हा प्रवाह आज मादागास्करच्या पूर्वेला, रियुनियन बेटाखाली आहे असं बहुतेक जण मानतात. सगळे मानत नाहीत. ताण आणि जुन्या भेगा यांनाच मोठं श्रेय देणारे अभ्यासकही आहेत, आणि माझ्या मते खान्देशातले डाइक पाहिल्यावर त्यांचं म्हणणं सहज झटकून टाकता येत नाही.

याचं कारण डाइकच्या दिशेत आहे. कोकणातले बरेच डाइक उत्तर-दक्षिण, किनाऱ्याला समांतर जातात. सेशेल्स सुटताना जमीन पूर्व-पश्चिम ताणली गेली, त्याच्याशी हे जुळतं. नंदुरबार-धुळ्याचे डाइक मात्र ढोबळमानाने पूर्व-पश्चिम आहेत. डाइकची रेषा ताणाच्या दिशेशी काटकोनात जाते, म्हणजे इथे जमीन उत्तर-दक्षिण ताणली जात होती. नर्मदा-तापीचा कमकुवत पट्टा याच दिशेत जातो आणि तो लाव्ह्यापेक्षा कितीतरी जुना आहे. म्हणून "हे डाइक सेशेल्स तुटल्याच्या खुणा" असं सरसकट लिहू नका. होकायंत्र काढा, दिशा नोंदवा, मग बोला.

डाइक की लाव्ह्याचा थर?

सुट्या दगडावरून हे ठरत नाही, कारण दोन्ही काळे बेसाल्टच. खांब कसे पडलेत ते पाहा. खडक थंड होताना तडकून त्याचे खांब होतात आणि या भेगा थंड पृष्ठभागाशी काटकोनात पडतात. जमिनीवर पसरलेल्या लाव्ह्यात खांब उभे राहतात. उभ्या भेगेत गोठलेल्या डाइकमध्ये ते आडवे, सरपणाच्या रचलेल्या ढिगासारखे दिसतात. डाइकची कड मधल्या भागापेक्षा बारीक कणांची असते, कारण ती शेजारच्या थंड खडकाला टेकून पटकन गोठली. जुन्या तटबंदीचे अवशेष म्हणून दाखवलेली भिंत कधीकधी अशी निघते.

प्रत्येक डाइकमधून लाव्हा वर ओतला गेला, असंही धरून चालू नका. काही वाटेतच गोठले. कुठला डाइक कुठल्या थराला पुरवठा करत होता हे रासायनिक जुळणीशिवाय कळत नाही. आणि टोकदार डोंगर दाखवून "हे ज्वालामुखीचं तोंड" म्हणणं तर सोडाच. इथला लाव्हा लांब भेगांतून निघाला. धुळ्याजवळच्या लळिंगसारखे डोंगर म्हणजे झिजून उरलेले थर. शेजारच्या बुलढाण्यातलं लोणारही ज्वालामुखी नव्हे, ते उल्केच्या आघाताने झालेलं विवर आहे.

उनपदेवचं गरम पाणी

चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेवला गरम पाणी वाहतं आणि लगेच शंका येते, खाली ज्वालामुखी जिवंत आहे का? नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं. किलोमीटरमागे साधारण २५ ते ३० अंश तापमान वाढतं, तिथे ते तापतं आणि भेगेवाटेच वर येतं. हा पट्टा अधूनमधून हलतोही. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात ६ पेक्षा मोठा भूकंप झाला होता. पण भूकंप म्हणजे लाव्हा नव्हे.

विहीर घेताना

इथे चूक खिशाला लागते. न फुटलेला, घट्ट डाइक भूजल अडवतो. चढाच्या बाजूला पाणी साठतं आणि पलीकडची विहीर मार्चमध्येच तळ गाठते. त्यामुळे "शेजाऱ्याला ७० फुटांवर लागलं, मलाही लागेल" हा हिशेब मधून डाइक जात असेल तर फसतो. उलट डाइक भरपूर भेगाळलेला असेल तर पाणी त्याच्याच बाजूने वाहतं. हे दोन्ही प्रकार एकाच गावात असू शकतात. बोअर घेण्याआधी उपग्रह नकाशावर शेत पाहा. सरळ काळी रेषा दिसते का, उन्हाळ्यात तिच्या कोणत्या बाजूची झाडं हिरवी राहतात, आणि रेषेच्या दोन्ही बाजूंच्या विहिरींची मे महिन्यातली पातळी किती, हे तिन्ही जुळवून मगच जागा ठरवा. तापीकाठच्या गाळाच्या पट्ट्यात, रावेर-यावलच्या केळीच्या भागात, हे लागू नाही. तिथे काळा कातळ गाळाखाली खोल गाडला गेला आहे आणि पाण्याचा प्रश्न वेगळा आहे, मुख्यतः उपशाचा.