आयोवातल्या शेताचा सातबारा कसा काढावा

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मॅडिसन काउंटीला (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) येणारे पाहुणे झाकलेल्या लाकडी पुलांसमोर फोटो काढतात, विंटरसेट गावात हॉलिवूडचा नट जॉन वेन याचं जन्मघर बघतात आणि जेवायला डे मॉइन शहरात परततात. माझ्या पाहुण्यांना मी आधी एक काम लावते: पुलाचं नाव लिहून घ्या, त्यावरून शेजारच्या शेताचे जुने मालक शोधायचे आहेत.

पूर्वी इथे १९ पूल होते, आता सहा उरलेत. छप्पर माणसांसाठी नव्हतंच. खालची जाड लाकडं महाग, वरच्या फळ्या स्वस्त, म्हणून भिजायचं ते वरच्यांनी. नाव बहुधा सगळ्यात जवळ घर असलेल्या माणसाचं: होलिवेल, रोझमन. हॉगबॅकला फसू नका, ते टेकाडाचं नाव आहे. आणि कटलर-डोनाहो पूल १९७० मध्ये उचलून विंटरसेटच्या बागेत ठेवलाय, त्याच्या आसपास डोनाहोंचं शेत शोधाल तर बागेलाच फेऱ्या माराल.

मग काउंटीचा प्लॅट नकाशा, म्हणजे जमिनीचे तुकडे दाखवणारा नकाशा, घ्या. त्यावर सहा मैल बाय सहा मैलांचे चौकोन दिसतील, ते टाउनशिप. प्रत्येकात ३६ सेक्शन, एक सेक्शन ६४० एकरांचा. आकडे ईशान्येच्या कोपऱ्यातून पश्चिमेकडे सहापर्यंत जातात, सातवा सहाव्याच्या खाली, आणि तिथून उलटे पूर्वेला. बैल तासाच्या टोकाला वळतात ना, अगदी तसं. आमच्या बाबांना हे न सांगता कळलं. १६ नंबरचा सेक्शन शाळेच्या खर्चासाठी राखलेला असायचा. आपण शोधतोय त्या शेताचे टाउनशिप, रेंज (टाउनशिपचा पूर्व-पश्चिम क्रमांक) आणि सेक्शन हे तीन आकडे लिहून घ्या. गट नंबर समजा.

आता काउंटीच्या रेकॉर्डरच्या, म्हणजे खरेदीखतं नोंदवणाऱ्याच्या ऑफिसात, अर्थातच कामाच्या दिवशी. सूच्या दोन असतात: विकणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची. मी पहिल्या खेपेला विकणाऱ्यांच्या सूचीत अर्धा दिवस घालवला. मागे जायचं असेल तर घेणाऱ्यांची उघडा. आजचा मालक शोधा, त्याला कोणी विकलं ते बघा, मग तोच विकणारा पुन्हा याच सूचीत घेणारा म्हणून शोधा. साखळी मधेच तुटली तर बहुतेक वेळा वारसाहक्काचं प्रकरण असतं, ते कोर्टाच्या दप्तरात. कंटाळा आला तर पेरू गावाकडे चक्कर मारा (हो, पेरू, आणि प्रसिद्ध सफरचंदासाठी!). जेसी हायट या शेतकऱ्याने तिथे नको असलेलं एक रोपटं कापलं, तरी ते पुन्हा फुटलं. आपल्या बाजारात मिळणारं रेड डेलिशस सफरचंद त्याच झाडाचं.

साखळीच्या तळाशी सरकारने पहिल्या मालकाला दिलेला पट्टा सापडतो. बहुतेक लोक तिथे वही मिटतात. मिटू नका. सरकारकडे ही जमीन १८४२ च्या तहाने आली, सॉक आणि मेस्क्वाकी या इथल्या मूळ रहिवासी लोकांकडून. त्यांना १८४५ च्या ऑक्टोबरपर्यंत मुलूख सोडायचा होता. वर्षभरात, १८४६ मध्ये, इथे पहिले गोरे वस्तीला आले. रेकॉर्डरच्या सूचीत सॉक आणि मेस्क्वाकींचं नाव विकणारे म्हणूनही नाही.

घेणारे मात्र ते पुढे झाले. १८५७ मध्ये मेस्क्वाकींनी स्वतःच्या पैशाने ८० एकर परत विकत घेतले. ते शेत टामा काउंटीत आहे, इथून ईशान्येला. पुढच्या सुट्टीत तिकडे.